मूत्रपिंड-विशिष्ट जनुक नियमन

काही जनुके फक्त मूत्रपिंडाच्या पेशींतच चालू होतात, इतर अवयवांत ती बंद राहतात. ही निवड ज्या यंत्रणेमुळे होते तिला मूत्रपिंड-विशिष्ट जनुक नियमन म्हणतात. शरीराच्या जवळजवळ सर्व पेशींत जनुकांचा संच तोच असतो. फरक पडतो तो जनुकाच्या आधी किंवा आसपास असलेल्या डीएनएच्या नियामक तुकड्यांमुळे, म्हणजे प्रमोटर व एन्हान्सर यांच्यामुळे, आणि त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांमुळे. या तुकड्यांची खरी परीक्षा ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरचे जनुक घातलेल्या, उंदरांत होते.

मराठवाड्यातल्या वाचकाला ट्रान्सजेनिक जीव नवा नाही. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेला बीटी कापूस जालना, परभणी, बीडच्या काळ्या रानात घरोघरी माहीत आहे. त्यातल्या बोंडअळीरोधक जनुकापुढे फुलकोबीवरील एका विषाणूचा ३५-एस नावाचा प्रमोटर जोडलेला होता. पान, पाते, बोंड असे जवळपास सगळीकडे तो जनुक चालू ठेवतो आणि पिकाच्या संरक्षणासाठी तेच हवे असते. मूत्रपिंडाच्या अभ्यासकाला मात्र एकाच अवयवात, शक्यतो त्यातल्या एकाच नलिकेत चालणारा प्रमोटर हवा असतो आणि तो शोधणे कितीतरी अवघड आहे.

पद्धत अशी. ज्या तुकड्याची परीक्षा घ्यायची तो जिवाणूंमधल्या लॅक-झेड या जनुकाच्या आधी जोडतात. ही जोडणी बारीक काचेच्या सुईने उंदराच्या फलित बीजांडाच्या केंद्रकात सोडतात आणि बीजांड दुसऱ्या मादीच्या बीजांडवाहिनीत ठेवतात. साधारण तीन आठवड्यांत पिल्ले होतात. त्यांतल्या थोड्यांच्याच डीएनएमध्ये जोडणी शिरलेली असते. पुढे मूत्रपिंडाचा पातळ काप एक्स-गल या रसायनात ठेवला की जिथे प्रमोटर चालला तिथे निळा रंग उमटतो. इथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. हा निळा रंग लॅक-झेडपासून बनणाऱ्या विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो. निकट नलिकेच्या, म्हणजे गाळणीला लागून असलेल्या नलिकेच्या, पेशींत मुळातच त्या जातीचे विकर असते, त्यामुळे द्रावणाची आम्लता सांभाळली नाही तर साध्या उंदराचे मूत्रपिंडही निळे दिसू शकते. शिवाय जोडणी गुणसूत्रात कुठेही बसते आणि शेजारच्या डीएनएचा तिच्यावर परिणाम होतो. म्हणून एकाच उंदराच्या वंशावर निष्कर्ष काढू नये. अनेक स्वतंत्र वंशांत तेच चित्र दिसले तरच ते ग्राह्य मानावे.

सर्वांत बोलके उदाहरण केएसपी-कॅडहेरिनचे. हे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे प्रथिन आहे. पीटर इगाराशी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याचा प्रमोटर लॅक-झेडला जोडून उंदरांत तपासला. नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणी-नलिकेच्या सूक्ष्म घटकाच्या, नलिकांत आणि विशेषतः मूत्र गोळा करणाऱ्या संग्राहक नलिकांत रंग उमटला. गर्भावस्थेत मात्र तो जननमार्गाच्या काही नलिकांतही दिसला. तेव्हा ‘मूत्रपिंड-विशिष्ट’ हे विशेषण बहुतेक वेळा जरा सैलच असते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. या प्रमोटरला चालना देणारे एक प्रथिन म्हणजे एचएनएफ-१ बीटा. त्याचा बिघडलेला प्रकार याच प्रमोटरच्या साहाय्याने उंदरांच्या मूत्रपिंडात निर्माण केला, तेव्हा तिथे पाण्याच्या गाठी झाल्या. माणसातही या जनुकातील दोषाने मूत्रपिंडात गाठी होतात आणि तरुणपणीच मधुमेह होऊ शकतो.

दुसरे उदाहरण रक्तदाबाचे. केएपी या जनुकाचा प्रमोटर निकट नलिकेत चालतो आणि पुरुष संप्रेरकाने त्याचा जोर वाढतो. कर्ट सिग्मंड यांच्या गटाने त्यापुढे मानवी अँजिओटेन्सिनोजेनचे जनुक जोडले. रेनिन हे विकर या प्रथिनाला तोडते आणि त्यातून पुढे रक्तदाब वाढवणारा पदार्थ तयार होतो. मानवी अँजिओटेन्सिनोजेन उंदराच्या रेनिनला तोडता येत नाही, त्यामुळे मानवी रेनिनचे जनुकही उंदरांत आणावे लागले. दोन्ही असलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढला. मूत्रपिंडाच्या आत घडणारी प्रक्रिया रक्तदाब चढवू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुढे अशा प्रमोटरांना क्री या डीएनए कापणाऱ्या विकराचे जनुक जोडून ठरावीक पेशींतूनच एखादे जनुक काढून टाकण्याची सोय झाली. पोडोसिनचा प्रमोटर गाळणीच्या पेशींसाठी आणि ॲक्वापोरिन-२ चा संग्राहक नलिकांसाठी वापरतात.

असे उंदीर तयार करण्यासाठी खास प्राणिगृह, संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता आणि जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. मराठवाड्याला जवळ पडणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी एक म्हणजे हैदराबादची सीसीएमबी ही पेशी व रेणू जीवशास्त्राची संशोधन संस्था. अभ्यासाचा पहिला टप्पा मात्र छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला आपल्या संगणकावरच करता येतो. माणसात १६ व्या आणि उंदरात ८ व्या गुणसूत्रावर असलेल्या सीडीएच-१६ या केएसपी-कॅडहेरिनच्या जनुकाचा क्रम मोफत उपलब्ध आहे. दोन्ही क्रम शेजारी ठेवून एचएनएफ-१ ची बसण्याची जागा शोधता येते.