व्हर्च्युअल मशीनच्या फर्मवेअरला मेमरी नकाशा देणं

हायपरवायजर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम) गेस्टसाठी, म्हणजे त्या आतल्या मशीनसाठी रॅम मांडतो, आणि ती कुठल्या पत्त्यापासून कुठपर्यंत आहे, मध्ये भोकं (रॅम नसलेले पत्ते) कुठे आहेत, राखीव काय आहे हे गेस्टच्या आतल्या फर्मवेअरला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालणाऱ्या सीबायोस, ओव्हीएमएफ वगैरेला कळवतो, ती ही पद्धत. खऱ्या मदरबोर्डवर फर्मवेअर रॅमच्या स्टिकवरची, तिची माहिती साठवणारी एसपीडी चिप वाचतं, मेमरी कंट्रोलर सेट करतं आणि नकाशा स्वतः बनवतं. व्हीएममध्ये स्टिकच नाही, मांडणी आधीच झालेली असते आणि ती फक्त हायपरवायजरला माहीत असते, म्हणून सांगावी लागते.

पीसीच्या जगात नकाशा म्हणजे ई८२० तक्ता. बायोसच्या हेक्स (१६ च्या पायातल्या) १५ या इंटरप्टला ई८२० हा नंबर देऊन कॉल केला की एकेक ओळ मिळते: सुरुवातीचा पत्ता ८ बाइट, लांबी ८ बाइट, प्रकार ४ बाइट, एकूण २०. प्रकार १ म्हणजे वापरायची रॅम, २ राखीव, ३ आणि ४ एसीपीआयचे (ऑपरेटिंग सिस्टीमला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या स्टँडर्डचे). सातबाऱ्यासारखंच, तुकडा केवढा आणि कोणाच्या नावावर. हा कॉल नेमका कधी सुरू झाला यावर वेगवेगळी मतं दिसतात. डिसेंबर १९९६ च्या एसीपीआय १.० मध्ये त्याचं लेखी वर्णन आहे, त्यामुळे ती तारीख धरणं सुरक्षित, कॉल त्याहून थोडा जुना असू शकतो. लिनक्स गेस्टमध्ये डीमेसेग (कर्नलचा लॉग) बघितलं तर सुरुवातीलाच बायोस-ई८२० नावाच्या ओळी दिसतात, पण तो फर्मवेअरने फेरफार केलेला नकाशा असतो, हायपरवायजरने दिलेला कच्चा नकाशा वेगळा, आणि हा फरक बऱ्याच लेखनात पुसला जातो.

क्यूएमू या इम्युलेटरमध्ये कळवायची सगळ्यात जुनी वाट सीमॉसची, म्हणजे पीसीची सेटिंग ठेवणाऱ्या छोट्या मेमरीची. १९८४ च्या पीसी एटीपासून एक्स्टेंडेड (१ एमबीच्या वरच्या) मेमरीचा आकार सीमॉसच्या हेक्स १७-१८ या जागी असायचा, पण केबीत आणि १६ बिटांत, म्हणजे ६४ एमबीला गोष्ट संपली. पुढे बॉक्स (आणखी एक इम्युलेटर) आणि क्यूएमूच्या परंपरेत हेक्स ३४-३५ मध्ये १६ एमबीच्या वरची आणि ५बी ते ५डी मध्ये ४ जीबीच्या वरची रॅम, ६४ केबीच्या पटीत, अशी सोय झाली. या जागांना पीसीचं स्टँडर्ड म्हणणारेही आहेत, पण निरनिराळ्या बायोसमध्ये त्यांचे अर्थ निरनिराळे होते, त्यामुळे याला इम्युलेटरचा संकेत म्हणणं जास्त योग्य वाटतं.

उदाहरण घेऊ. क्यूएमूच्या क्यू३५ या प्रकारच्या मशीनला ८ जीबी रॅम दिली तर २ जीबी खाली बसते, तिच्या वरचं ४ जीबीपर्यंतचं भोक पीसीआय वगैरे डिव्हाइससाठी सुटतं आणि उरलेली ६ जीबी, ४ ते १० जीबी या पत्त्यांवर जाते. सीमॉसमध्ये ३४-३५ ला ३२५१२ आणि ५बी-५डी ला ९८३०४ येतात. यात फक्त आकार आहेत, पत्ता एकही नाही! वरची रॅम ४ जीबीपासूनच सुरू होते हे फर्मवेअरने गृहीत धरायचं.

दुसरी वाट एफडब्ल्यू-सीएफजी, म्हणजे फर्मवेअरने क्यूएमूकडून माहिती वाचायची सोय. हेक्स ५१० पोर्टवर की लिहायची आणि ५११ वरून एकेक बाइट वाचायचा, नंतर ५१४ वर डीएमएची (माहिती थेट मेमरीत घेण्याची) सोयही आली. कोडवर २००८ साल आहे. हे पीसीसाठीच बनलं असा समज आहे तो बरोबर नाही, ओपनबायोस हे फर्मवेअर चालवणारी स्पार्क आणि पॉवरपीसी मशीनही तेच वापरतात. नकाशासाठी यात सुरुवातीला फक्त राखीव तुकडे येत, उदाहरणार्थ इंटेलवर केव्हीएमला (लिनक्सच्या हायपरवायजरला) लागणारा १६ केबीचा तुकडा, जो ४ जीबीच्या बरोब्बर १६ एमबी खाली संपतो. रॅमच्या ओळींसकट पूर्ण ईटीसी/ई८२० ही फाइल साधारण २०१३ च्या सुमारास आली. वरच्या उदाहरणात तिच्यात रॅमच्या दोनच ओळी असतात, ० पासून २ जीबी लांबीची आणि ४ जीबीपासून ६ जीबी लांबीची. ६४० केबीच्या वरचं जुनं भोक, एसीपीआय तक्त्यांची जागा हे सगळं सीबायोस मागाहून कोरून काढतं.

आकार पुरेसा की पत्ता हवा, हा वाद बराच काळ पुस्तकी वाटत होता, एएमडीच्या १ टीबीच्या प्रश्नाने तो निकालात निघाला असं म्हणायला हरकत नाही. एएमडी प्रोसेसरवर १०१२ ते १०२४ जीबी हा पट्टा हायपरट्रान्सपोर्ट या चिपांमधल्या जोडणीसाठी राखीव आहे, गेस्टची रॅम तिथे आली आणि व्हीएफआयओने (लिनक्सच्या सोयीने) खरं डिव्हाइस आत दिलेलं असलं की तिथलं मॅपिंग नाकारलं जातं. म्हणून २०२२ मधल्या क्यूएमू ७.१ पासून एवढ्या मोठ्या गेस्टची वरची रॅम ४ जीबीऐवजी थेट १ टीबीपासून मांडतात. आता सीमॉस वाचणारं फर्मवेअर आकार बरोबर घेईल पण रॅम भलत्याच ठिकाणी आहे असं समजेल, त्यामुळे ओव्हीएमएफला ई८२० फाइलवरच भिस्त ठेवावी लागते. ज्याने मेमरी मांडली त्यानेच नकाशा लिहावा, दुसऱ्याने अंदाजाने परत मांडू नये, हेच मत इथे ग्राह्य धरलं आहे.

झेन या हायपरवायजरची रीत वेगळी. तिथे एचव्हीएमलोडर नावाचा छोटा प्रोग्राम गेस्टमध्ये आधी चालतो, ६४० केबीच्या जरा खाली ठेवलेला एचव्हीएम-इन्फो तक्ता वाचतो आणि ई८२० बनवून पुढे सीबायोसकडे देतो. क्यूएमूच्या, आर्म प्रोसेसरच्या व्हर्ट मशीनवर रॅम १ जीबीच्या पत्त्यापासून सुरू होते आणि सगळी माहिती डिव्हाइस ट्रीतून (हार्डवेअरच्या वर्णनातून) जाते, ई८२० हा प्रकारच नाही. फायरक्रॅकर हा छोटा हायपरवायजर फर्मवेअर टाळून तक्ता थेट लिनक्सच्या बूट पॅरामीटरमध्ये भरतो.

इंटेल टीडीएक्समध्ये (गेस्टची मेमरी होस्टपासून सुरक्षित ठेवणाऱ्या सोयीत) होस्टवरच, म्हणजे गेस्ट चालवणाऱ्या खऱ्या मशीनवरच भरवसा नसतो. नकाशा हँड-ऑफ ब्लॉकच्या यादीतून येतो, फर्मवेअर तो तपासून, मोजमापात (नंतर पडताळता येणाऱ्या नोंदीत) नोंदवून मगच वापरतं, आणि मेमरीची पानं स्वीकारल्याशिवाय वापरता येत नाहीत. त्यासाठी २०२१ च्या यूईएफआय या फर्मवेअर स्टँडर्डच्या २.९ आवृत्तीत न स्वीकारलेली मेमरी असा स्वतंत्र प्रकारच आला.