‘पब्लिसिटी स्टंट’ या संशयाची पार्श्वभूमी

नट-नटीचं भांडण गाजलं की सोलापुरात नवी पेठेतल्या चहाच्या टपरीवर निकाल तयार असतो: “काही नाही ओ, पब्लिसिटी स्टंट!” गड्ड्याच्या जत्रेत तंबूबाहेर भोंग्यावर ओरडणारा गडी बघत वाढलेल्या गावाला हा संशय शिकवावा लागत नाही. तो निराधारही नाही.

१८३५ साली अमेरिकेत पी. टी. बार्नम या खेळ-तमाशेवाल्याने जॉइस हेथ या गुलामगिरीतल्या वृद्धेला जॉर्ज वॉशिंग्टनची १६१ वर्षांची दाई म्हणून तिकीट लावून दाखवलं. बॉस्टनमध्ये गर्दी ओसरू लागली, तेव्हा ‘ही बाई नव्हेच, रबर आणि स्प्रिंगांचं यंत्र आहे’ असं निनावी पत्र पेपरात आलं. ते बार्नमच्याच गोटातलं. एकदा बघून गेलेले लोक खात्री करायला पुन्हा तिकीट काढून आले. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींनी भर मिरवणुकीत सिगारेटी पेटवल्या. बंडखोरी म्हणून बातम्या झाल्या. बेत जनसंपर्कातले जाणकार एडवर्ड बर्नेज यांचा, पैसा सिगारेट कंपनीचा.

पण कंपन्या वादाला भितातही, आणि हा धागा टपरीवर सुटतो. १९२१ मध्ये फॅटी आर्बकल या हॉलिवूडच्या विनोदी नटावर एका नटीच्या मृत्यूचा आरोप झाला, त्यानंतर युनिव्हर्सल स्टुडिओने करारात वर्तनाची अट घातली: बदनामी झाली तर पगार बंद. आजही जाहिरातीच्या करारांत तसं कलम असतं. २०१५ मध्ये आमिर खानच्या असहिष्णुतेवरील वक्तव्यानंतर तो ज्याची जाहिरात करायचा त्या स्नॅपडील या ऑनलाइन खरेदीच्या ॲपला लोकांनी एकेक स्टार देऊन राग काढला. पुढे त्याचा करार वाढवला गेला नाही. एवढं नुकसान कोण मुद्दाम ओढवून घेईल?

रचलेला प्रकार कधीकधी ओळखू येतो तो वेगळ्याच खुणेने: तो आटोपशीर असतो, आणि शेवटी कर्ताच पुढे येतो. मॉडेल-अभिनेत्री पूनम पांडेच्या निधनाची पोस्ट २ फेब्रुवारी २०२४ ला आली, दुसऱ्या दिवशी ती स्वतःच व्हिडिओत हजर. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जागृती, असं कारण दिलं. मोहिमेतल्या श्बँग या एजन्सीला माफी मागावी लागली.

कित्येकदा भांडण खरं असतं, विकत घेतलेला असतो तो त्याचा फैलाव. जाहिरात मानक परिषद (ASCI) या जाहिरात क्षेत्राच्या संस्थेच्या २०२१ च्या नियमांनुसार १५ सेकंदांपर्यंतच्या पैसे घेतलेल्या व्हिडिओवर ‘जाहिरात’ ही खूण किमान ३ सेकंद हवी, २ मिनिटांच्या आतल्यावर एक तृतीयांश वेळ. भांडणात मालाचं नावच नसलं, तर खूण लावायची कशावर? म्हणून तपासायचं ते आजूबाजूला: एकाच तासात दहा मीम पेजांवर तोच मजकूर, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट, त्याच आठवड्यात सिनेमा किंवा नवा माल, आणि फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या जाहिरात संग्रहात (Ad Library) त्या कलाकाराचं किंवा ब्रँडचं पेज शोधून, सध्या कोणत्या जाहिराती कोणत्या तारखेपासून सुरू आहेत ते.