कोणालाच नको असतं, तरी सगळे करतात

विदर्भातल्या खेड्यात घरचं माणूस गेल्यावर चार-पाच दिवसांतच एक हिशेब सुरू होतो: तेरवीला किती पानं उठतील? सोयरे किती, भाऊकी किती, गाव पूर्ण सांगायचं की निम्मं? कर्ता माणूस ओसरीवर बसून म्हणतो, "मले तं हे काही पटत नाही, पण लोकं काय म्हनतीन?" मग कुठूनतरी पैसे उभे राहतात, वांग्याची भाजी आणि बुंदी होते, पंगती उठतात. हात धुताना शेजारी सोबतच्या माणसाच्या कानात बोलतो, "एवढं करायची गरज नव्हती. पण करा लागते बाप्पा." कर्त्याचं आणि शेजाऱ्याचं मत एकच आहे. ते एकमेकांना माहीत नाही, एवढंच. पुढे शेजाऱ्याच्या घरी वेळ येते तेव्हा तोही तितकीच पानं मांडतो, कारण गेल्या तेरवीला त्याने पाहिलेलं असतं की गावाला हे हवं आहे.

या कोड्याला सामाजिक मानसशास्त्रात प्ल्युरलिस्टिक इग्नोरन्स म्हणतात. मराठीत सोयीसाठी 'सामूहिक गैरसमज' म्हणू. फ्लॉइड ऑलपोर्ट आणि डॅनियल कॅट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1931 मध्ये ही कल्पना मांडली. एखादी रीत बहुतेकांना मनातून नको असते, पण प्रत्येकाला वाटतं की आपण सोडून बाकी सगळ्यांना ती हवी आहे. म्हणून प्रत्येक जण गप्प राहून ती पाळतो, आणि त्याचं पाळणं हाच दुसऱ्यासाठी पुरावा ठरतो.

याचं मूळ माणसाच्या भित्रेपणात शोधायचं कारण नाही. स्वतःचं मन आपल्याला आतून कळतं, दुसऱ्याचं मात्र चेहरा आणि वागणं पाहून ताडावं लागतं. मी गप्प आहे कारण मला संकोच वाटतो, हे मला ठाऊक असतं. समोरचा गप्प आहे तो मात्र त्याला पटलंय म्हणून, असं मी धरून चालतो. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी 1968 मध्ये याचा एक प्रयोग केला. कोलंबिया विद्यापीठातले विद्यार्थी खोलीत बसून प्रश्नावली भरत होते आणि भिंतीतल्या झडपेतून धूर आत यायला लागला. एकटे बसलेल्यांपैकी 75 टक्के उठून सांगायला गेले. ज्यांच्या शेजारी प्रयोगकर्त्यांची दोन माणसं ठरवून शांत बसवली होती, त्यांच्यातले फक्त 10 टक्के उठले. खोली धुराने भरत होती, डोळे चोळत होते, तरी लिहीत राहिले. नंतर विचारल्यावर अनेकांनी सांगितलं की ती वाफ असेल किंवा एसीचं काही असेल असं वाटलं. शेजारी घाबरला नाही, त्या अर्थी घाबरण्यासारखं काही नसणार.

पुढे 1993 मध्ये डेबोरा प्रेन्टिस आणि डेल मिलर यांना प्रिन्स्टन विद्यापीठात दारूबाबत हेच दिसलं. बहुतेक विद्यार्थ्यांना वाटत होतं की कॅम्पसवरच्या पिण्याचं आपल्यापेक्षा इतरांना कमी वावडं आहे. पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेणाऱ्या पोरांना एकेकट्याला विचारून पाहा. बहुधा असंच काही ऐकू येईल.

खेड्यात हा गैरसमज टिकतोच कसा, हा खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. खेड्यात कोणाच्या वावरात कोणतं वाण पेरलंय, कोणाची मोटर जळली, कोणाच्या पोरीला पाहायला कुठून पाहुणे आले, हे संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचलेलं असतं. इतकी माहिती फिरत असताना एवढी साधी गोष्ट कशी फिरत नाही?

माझ्या मते कारण असं, की गावात वागणं फिरतं, शंका फिरत नाही. इथे अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा एक जुना अभ्यास फार उपयोगी पडतो. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी तिथल्या दोन वस्त्यांतल्या 259 शेतकऱ्यांना विचारलं की मक्याचं संकरित बियाणं तुम्ही कधी आणि का घेतलं. हे बियाणं 1928 च्या सुमारास आलं आणि 1941 पर्यंत दोघे सोडून सगळ्यांनी स्वीकारलं. अनेकांना बियाण्याची पहिली बातमी विक्रेत्याकडून लागली होती, पण ते घ्यायचं हे शेजाऱ्याचं पीक पाहून ठरलं. सुरुवातीची वर्षं मोजक्या लोकांनी थोड्या रानात पेरून पाहिलं, नंतर लाट आली. रायन आणि ग्रॉस यांचा हा शोधनिबंध 1943 चा आहे, पण भारतात 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतरची वर्षं ज्यांनी यवतमाळ-अकोल्याकडे पाहिली, त्यांना तो ओळखीचा वाटेल. कृषी केंद्रवाला सांगतो, पटवतो मात्र धुऱ्यापलीकडचा शेतकरी.

बियाण्याच्या बाबतीत हे शहाणपणाचंच आहे. शेजाऱ्याचं पीक खोटं बोलत नाही, बोंडं मोजता येतात. तेरवीची पंगत मात्र खोटं बोलू शकते. दोन्ही ठिकाणी आपण एकच सवय वापरतो, डोळ्यांनी पाहायचं आणि मानायचं. पिकात दिसतं ते खरं असतं, आणि पंगतीत दिसतो तो प्रत्येकाने दुसऱ्यासाठी लावलेला चेहरा.

हा गैरसमज मोडला तर काय होतं, याचा अलीकडचा सर्वांत चांगला पुरावा सौदी अरेबियातला आहे. लिओनार्डो बुर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी रियाधमधल्या सुमारे 500 तरुण विवाहित पुरुषांना, एकाच भागातल्या ओळखीच्या लोकांचे गट करून, गुप्तपणे विचारलं: बायकांनी घराबाहेर नोकरी करावी हे तुम्हाला मान्य आहे का? मोठ्या बहुमताने 'हो' आलं. पण तुमच्या गटातल्या किती जणांना मान्य असेल, या प्रश्नावर बहुतेकांचा अंदाज फार खाली होता. मग निम्म्या लोकांना गटाचा खरा आकडा सांगितला. कोणी उपदेश केला नाही, धर्म किंवा प्रगतीवर भाषण दिलं नाही. काही महिन्यांनी चौकशी केली तेव्हा आकडा कळलेल्यांच्या बायकांपैकी सुमारे 16 टक्क्यांनी घराबाहेरच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. न कळलेल्यांच्या बायकांत हे प्रमाण 6 टक्के होतं. हा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मत कोणाचंच बदललं नव्हतं, दुसऱ्याच्या मताचा अंदाज बदलला होता.

म्हणजे प्रबोधन करणाऱ्यांची नेहमीची वाट थोडी चुकते, असं म्हणायला जागा आहे. भिंतीवर 'अनिष्ट रूढी सोडा' लिहिल्याने ती रूढी वाईट आहे हे कळतं, आणि ते गावाला आधीच कळलेलं असतं. उलट 'कर्ज काढून लग्न करणाऱ्यांची संख्या वाढतेय' असं ओरडून सांगितलं, तर लोक त्यातून 'सगळेच करतात' एवढंच उचलतात. रॉबर्ट चाल्डिनी यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनात, दगड झालेल्या प्राचीन लाकडासाठी प्रसिद्ध असलेल्या एका उद्यानात, हे तपासलं. 'पूर्वी अनेकांनी इथलं लाकूड उचलून नेलं आहे' असं सांगणारी पाटी लावली तेव्हा, रस्त्यात मुद्दाम खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास 8 टक्के गायब झाले. 'कृपया नेऊ नका' अशा साध्या विनंतीला 2 टक्क्यांहूनही कमी गेले.

मग चालतं काय? सगळ्यांना सगळ्यांचं मत एकाच वेळी ऐकू येईल अशी जागा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसटंचाई होती तेव्हा कुर्ट लेविन यांनी गृहिणींना गुरांचं हृदय, मूत्रपिंड खाण्याकडे वळवायचा प्रयोग केला. काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं. काही गटांत बायकांनी आपसात चर्चा केली आणि शेवटी हात वर करून ठरवलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी ते पदार्थ घरी केले, हात वर करणाऱ्या गटांत 32 टक्क्यांनी. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कर्ज काढून सणवार करू नका असं कीर्तनात सांगत, पण सांगण्याची त्यांची रीत प्रश्नोत्तरांची होती. प्रश्न विचारायचे आणि उत्तर समोरच्या गर्दीच्या तोंडून काढायचं. शेकडो माणसं एका सुरात 'नाही' म्हणतात तेव्हा प्रत्येकाच्या कानावर शेजाऱ्याचा 'नाही' पडतो. बाबांना लेविन ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

प्रत्येक गप्प बसणं गैरसमजातून येतं असं मात्र नाही. ज्याची मजुरी एकाच मोठ्या शेतकऱ्याच्या हाती आहे, किंवा जातपंचायतीच्या बहिष्काराचा ज्याला धाक आहे, त्याचा 'लोक काय म्हणतील'चा अंदाज अचूक असतो. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये कायदा केला, तो अशा खऱ्या भीतीसाठी. तिथे आकडा सांगून भागत नाही, संरक्षण लागतं.

गावातल्या दारू दुकानाच्या मतदानात या दोन्ही गोष्टी दिसतात. दुकान बंद करायचं तर आधी गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. मग गुप्त मतदान होतं: चालू ठेवायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होतं. जी घरी राहिली तिचं न आलेलं मत दुकानाच्याच कामी येतं. पेटीतल्या मतावर कोणाचं नाव नसतं, म्हणून मन मोकळं होतं आणि मोजणीनंतर आकडा साऱ्या गावाला कळतो. अवघड असतात त्या आधीच्या सह्या, कारण त्या नावानिशी, उघड आणि एकेकीने कराव्या लागतात. म्हणून बचत गटाच्या बैठकीत सगळ्या जमलेल्या असतानाच कागद फिरवणं उपयोगाचं. सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात रेषांच्या लांबीचे प्रयोग केले. खोलीतले बाकी सगळे एकमताने चुकीचं उत्तर देत तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्यामागे जाऊन चुकीचं बोलत होता. त्याच्या बाजूने एकच जण खरं बोलला, तर हे प्रमाण घटून आधीच्या जेमतेम चौथ्या हिश्शावर येत असे. कागदावर पहिल्या सहीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि दुसरी सही होईपर्यंत पहिलीला धास्ती असते.