टेस्टारोसाच्या त्या पट्ट्या नुसत्या नटण्यासाठी नव्हत्या

फेरारी टेस्टारोसाच्या दारांवरून मागे जाणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे निव्वळ ऐंशीच्या दशकातला दिखाऊपणा, असं आजही सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही.

फेरारीच्याच आधीच्या बर्लिनेटा बॉक्सर या गाडीत इंजिन मागे आणि रेडिएटर नाकाशी होता. गरम पाण्याचे पाइप मधून जात, त्यामुळे आतली माणसं अक्षरशः उकडून निघत. म्हणून 1984 साली पॅरिसमध्ये आलेल्या टेस्टारोसात दोन रेडिएटर मागच्या चाकांपुढे, दोन्ही कुशींत बसवले. त्यांना भरपूर हवा हवी, म्हणजे बाजूला भलीमोठी तोंडं हवीत. पण काही देशांच्या नियमांत अशी उघडी भगदाडं बसत नव्हती. गाडीचं रूप आखणाऱ्या पिनिनफरिना या इटालियन कंपनीने त्यांवर पट्ट्या ओढल्या आणि त्या थेट दारांवर पुढे आणल्या. अडचणीतून इतकी देखणी रेघ निघालेली मी दुसऱ्या गाडीत पाहिलेली नाही!

गाडी मागून 1976 मिलिमीटर रुंद आहे, तीही याच रेडिएटरांमुळे. अरुंद गल्लीत हा देह जड जातो, मान्य. पण त्या रुंद पाठीवरच माझा जीव आहे.

आणि टेस्टारोसा म्हणजे इटालियनमध्ये ‘लाल डोकं’, पण ते कुणा लाल केसांच्या बाईचं नाही. ती इंजिनावरची लाल रंगवलेली झाकणं.