पत्र्याच्या छपरावरील कामाची सुरक्षितता

कारखाने, गोदामे आणि वर्कशॉपच्या पत्र्याच्या छपरांवर दुरुस्तीसाठी चढणारी माणसे खाली पडू नयेत म्हणून करायची व्यवस्था, आणि त्याबाबत मालकावर किंवा भोगवटादारावर येणारी जबाबदारी. महाराष्ट्रात हे काम बहुतेक एप्रिल-मे महिन्यांत निघते. पावसाच्या आत फुटके पत्रे बदलायचे असतात, पन्हळी साफ करायच्या असतात. चार तासांचे काम, ठेकेदाराची दोन-तीन माणसे. म्हणूनच बंदोबस्ताचा कंटाळा केला जातो.

छपराची कड डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिथे माणूस आपोआप जपून वागतो. खरा घात पत्र्यातून आरपार पडण्यात आहे. जुना सिमेंटचा पत्रा ऊन-पावसाने ठिसूळ होतो. वरून धड दिसतो आणि पाय पडताच काडकन मोडतो. उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे त्याहून फसवे. त्यांवर धूळ आणि शेवाळ साचले, किंवा गळती थांबवायला कोणी डांबराचा हात फिरवला, की शेजारच्या करड्या पत्र्यातून ते वेगळे ओळखू येत नाहीत. जुने फिटर बोल्टांची ओळ धरून चालतात, कारण बोल्टांखाली पर्लिनचा, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या तुळईचा, आधार असतो. सवय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर कोणाला वर पाठवू नये. हातात लांब पत्रा असताना वाऱ्याचा झोत आला की पाय ओळीबाहेर जातोच. 6 मीटरवरून पडणारा माणूस जेमतेम 1.1 सेकंदात, ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 32 ने, पडण्याचा संभव असेल अशा उंचीवर काम करणाऱ्यासाठी कठडा किंवा अन्य संरक्षण देण्याचे बंधन घातले. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर 1987 साली कलम 7अ आले आणि सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी भोगवटादारावर स्पष्टपणे टाकली गेली. या कायद्याच्या व्याख्येत ठेकेदाराने आणलेला माणूसही ‘कामगार’च होता, मुख्य मालकाला त्याची माहिती असो वा नसो. ‘तो आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता’ हे उत्तर म्हणूनच टिकत नसे. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली आहे. कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास तिच्यात 2 वर्षांपर्यंत कैद, किमान 5 लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दंडाची निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

जबाबदारी मालकावर असणे रास्तच आहे. कोणता पत्रा किती जुना, फायबर कुठे आहे, हे सकाळी आलेल्या मजुराला कसे कळणार? छपराचा नकाशा ठेवणे, फायबरच्या पत्र्यांखाली जाळी बसवणे, चालण्यासाठी कायमची पायवाट करणे ही कामे मालकाखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही. अमेरिकेत 2016 च्या नियमाने हाच विचार दोरावरून उतरून काचा धुणाऱ्यांसाठी लेखी केला. अँकर, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या जागा, तपासलेले आणि प्रमाणित आहेत, प्रत्येक अँकर एका माणसामागे 5,000 पौंड, म्हणजे सुमारे 2,268 किलो भार पेलतो, असे इमारतमालकाने काम सुरू होण्याआधी लिहून द्यायचे. तपासणी दरवर्षी, प्रमाणपत्र निदान दर 10 वर्षांनी.

आपल्याकडे सगळी भिस्त सेफ्टी बेल्टवर असते, आणि त्याचा हूक कुठे अडकवायचा हे कोणी ठरवलेले नसते. पत्र्याच्या जे-बोल्टला तो अडकवलेला दिसतो; झटका पेलणे हे त्या बोल्टचे काम नव्हे. अंतराचा हिशोबही करावा लागतो. दोरी 1.8 मीटर, शॉक ॲब्झॉर्बर (झटका शोषणारी घडीची पट्टी) उलगडून आणखी 1 मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर 1 मीटर राखीव. अँकर छपराच्या पातळीवर असेल तर खाली 5.3 मीटर मोकळी जागा हवी. 5 मीटर उंचीच्या शेडमध्ये असा माणूस हार्नेस (अंगभर पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट) घालूनही जमिनीला लागू शकतो. तिथे खाली सेफ्टी नेट बांधावी आणि वर पर्लिन ते पर्लिन पोचणाऱ्या फळ्या टाकाव्यात. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साकळते, काही मिनिटांतच त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला कोण आणि कशाने उतरवणार, हे शिडी लावण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.