‘दिसलाच नाहीत’ हे नेहमी खोटं नसतं

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये समोर खिडकीपाशी बसलेल्या माणसाचे डोळे जरा न्याहाळून बघा. ऐरोली सुटून गाडीनं वेग घेतला की त्याची बुबुळं एका लयीत हलू लागतात. बाहेरचा एखादा खांब धरून त्याच्याबरोबर मागे सरकतात, मग झटकन पुढे येऊन दुसरा खांब धरतात. तो सुटला की तिसरा. त्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘काही नाही, बसलोय बाहेर बघत.’ नेत्रतज्ज्ञांना ही हालचाल चांगली ओळखीची आहे. तिचं एक जुनं नावच मुळी ‘रेल्वे निस्टॅग्मस’. तान्ह्या बाळाला दिसतंय की नाही हे तपासताना डॉक्टर त्याच्यासमोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ड्रम फिरवतात. बाळाचे डोळे असेच हलले, तर त्याला पट्टे दिसताहेत.

गाडी उभी असली तरी डोळे स्वस्थ नसतात. पेपर वाचताना नजर ओळीवरून घरंगळत नाही, ती टप्पे घेत जाते. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांनी १८७९ साली या उड्यांबद्दल लिहिलं. त्यांना ‘सॅकेड’ म्हणतात. घोड्याच्या लगामाला दिलेल्या हिसक्यासाठीचा हा फ्रेंच शब्द. जागेपणी सेकंदाला साधारण तीन, म्हणजे दिवसाकाठी लाखाहून जास्त उड्या आपण मारतो.

कारण बारीक दिसतं ते फार थोडं. हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. जवळजवळ तेवढ्याच भागाचं चित्र डोळ्यातल्या सर्वांत तीक्ष्ण ठिकाणी, फोवियावर, उमटतं. त्याबाहेर तपशील वेगानं पुसट होत जातो. तरीही ठाण्यातल्या तळावपाळीचं समोरचं अख्खं तळं एका दमात स्वच्छ दिसल्यासारखं वाटतं. ती स्वच्छता मेंदूनं तुकड्या-तुकड्यांनी जमवलेली असते, आणि मला या विषयातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

मग दोन तुकड्यांच्या मधलं काय होतं? मोठ्या उडीत डोळा सेकंदाला ५०० अंशांच्या वेगानं फिरू शकतो. त्या वेळी सगळं फरफटलेलं दिसायला हवं, पण आपल्याला ते जाणवत नाही. आरशासमोर उभे राहून आधी आपल्या डाव्या, मग उजव्या डोळ्याकडे बघा. डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात तुम्हालाही दिसतील, कारण पडद्यावरचं चित्र किंचित उशिरा येतं. उडीच्या आधीचं आणि नंतरचं स्वच्छ चित्र मधल्या फरफटीला झाकून टाकतं, शिवाय मेंदू त्या क्षणापुरती हालचालीची जाणीव मंद करतो.

पण डोळा तेव्हा बंद पडत नाही. याची खात्री पुन्हा लोकलमध्येच करता येते. गाडी वेगात असताना शेजारच्या रुळांकडे बघा. स्लीपर आणि खडी यांचा नुसता करडा पट्टा झालेला असतो. आता नजर झटकन मागच्या दिशेला, गाडी जाते त्याच्या उलट, टाका. जमलं तर क्षणभर स्लीपर सुटे, कोरल्यासारखे दिसतात, कारण तेवढ्यापुरता डोळा त्यांच्याच वेगानं फिरलेला असतो. मला तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात जमलं, आणि मग वाशी येईपर्यंत मी दुसरं काही केलं नाही.

नजर पोचली तरी काम संपत नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. नजर टिपणाऱ्या यंत्रानं तशी नोंद केली होती. सगळं लक्ष गाठींकडे होतं. ‘दिसणं’ आणि ‘लक्षात येणं’ असे दोन वेगळे शब्द आपण रोज वापरतो, ते उगाच नाही.

घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळ सर्व्हिस रोडवरून एक गाडी एकदम माझ्या स्कूटरसमोर आली. ब्रेक लागले म्हणून वाचलो. चालक मुलगा घाबरून म्हणाला, ‘काका, खरंच दिसलाच नाहीत.’ त्यानं मान वळवलेली मी पाहिली होती, त्यामुळे तेव्हा मला ते खोटं वाटलं. आज वाटत नाही. मान फिरवताना नजर दोन ठिकाणी टेकते आणि अरुंद दुचाकी नेमकी मध्ये राहून जाते. ती सरळ अंगावर येत असेल तर आजूबाजूच्या दृश्यात फारशी सरकतही नाही, जागच्या जागी मोठी होत जाते. त्यातून मन ट्रक आणि बस शोधत असेल, तर नजर पडूनही ती सुटू शकते. गाडीच्याच पुढच्या काचेलगतच्या खांबाआड ती लपली असेल, तर डोळे फिरवून उपयोग नाही, डोकंच पुढे-मागे करावं लागतं.

म्हणून मुख्य रस्त्यावर येताना उजवीकडे एकदा बघून भागत नाही. नजर लांबवर, मध्ये आणि जवळ अशी टेकवत न्यावी, आणि निघण्याआधी तसंच पुन्हा एकदा बघावं. स्कूटरवर असलो की मी पूर्वी समोरच्या चालकाच्या डोळ्यांत बघायचो. नजरानजर झाली की निर्धास्त व्हायचो. आता मी त्याच्या गाडीचं पुढचं चाक बघतो. ते हललं, की माझा हात ब्रेकवर असतो.