रवींद्रसंगीत आणि स्वामित्वहक्क

रवींद्रनाथ ठाकूर यांनी रचलेली सुमारे सव्वादोन हजार गीते रवींद्रसंगीत म्हणून ओळखली जातात. ७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ गेले. पुढे २००१ च्या अखेरीपर्यंत त्यांच्या गीतांचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठाकडे होता.

हा हक्क मानधनापुरता राहिला नाही. विश्वभारतीच्या संगीत मंडळाची मंजुरी मिळाल्याशिवाय ध्वनिमुद्रिका बाजारात येत नसे. ‘स्वरवितान’च्या खंडांत छापलेली स्वरलिपी प्रमाण मानली जाई, गायकाने ती कितपत पाळली, साथीला वाद्ये कोणती, हे सारे तपासले जाई. देवव्रत विश्वास (१९११–१९८०) हे खर्जातल्या भरदार आवाजाचे, श्रोत्यांचे लाडके ‘जॉर्जदा’. त्यांच्या काही मुद्रणांवर मंडळाने हरकत घेतली: वाद्यमेळ फार, गायकीत मोकळीक फार. शेवटी त्यांनी रवींद्रसंगीत ध्वनिमुद्रित करणेच सोडून दिले. आत्मकथनाच्या नावात त्यांनी ‘रुद्धसंगीत’, म्हणजे कोंडलेले संगीत, हा शब्द योजला.

मंडळाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. आपल्या गाण्यांत गायकांनी मनमानी फेरफार करू नयेत, असे खुद्द रवींद्रनाथांनाही वाटे. पण हेच रवींद्रनाथ संगीतकार पंकज मल्लिक यांनी आपल्या कवितेला लावलेल्या चालीला राजी झाले, आणि ते गाणे १९३७ च्या ‘मुक्ती’ चित्रपटात आले. त्यांच्या स्वतःच्या चालीही पुष्कळदा उसन्या. पुढे बांगलादेशाचे राष्ट्रगीत झालेल्या ‘आमार सोनार बांगला’ची चाल गगन हरकरा या टपालवाल्याच्या बाउल गीतावरून (बाउल म्हणजे बंगालमधले फिरस्ते साधक-गायक) घेतलेली, तर ‘पुरानो शेइ दिनेर कथा’ची एका स्कॉटिश गीतावरून. त्या चाली कोणाच्या ताब्यात असत्या, तर बांगलादेशाच्या राष्ट्रगीताचे काय झाले असते कोण जाणे!

१९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी, म्हणजे १९९१ च्या अखेरीस, ही गीते सर्वांना खुली व्हायची होती. मुदत संपायला जेमतेम काही दिवस उरले असताना केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि ५० ची ६० वर्षे झाली. निमित्त रवींद्रनाथांचे, पण वाढ सगळ्याच लेखकांना लागू झाली. १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे साहित्य त्यामुळे २००१ ऐवजी २०११ मध्ये खुले झाले.

१ जानेवारी २००२ पासून रवींद्रसंगीतासाठी मंडळाची मंजुरी लागत नाही. गिटार-ड्रमच्या साथीने ही गाणी आता सर्रास गायली जातात. जुन्या श्रोत्यांची कुरकुर तेवढी चालूच आहे.